वीस खिळ्यांची फळी

ऑपरेशन थिएटरमधल्या त्या मावशीला सगळे मोजणीबाई म्हणत. तोंडावर मावशी, पाठीमागे मोजणीबाई, आणि तिला दोन्ही ठाऊक होतं. राग येणं दूरच, उलट ती मनातून सुखावायची. बावीस वर्षं तिनं त्या थिएटरात एक काम डोळ्यांत तेल घालून केलं होतं. माणसाच्या पोटात जेवढं कापड आत गेलं तेवढं बाहेर आलं की नाही, हे मोजायचं काम.

त्या कापडाला मॉप म्हणतात. जाळीदार सुती कापडाचा वीतभर चौकोन, चार पदरी, चारी कडांना शिवण. ऑपरेशन चालू असताना रक्त टिपायला, आतडी बाजूला दाबून धरायला तो पोटात घालतात. भिजला की चिंधीएवढा होतो आणि आतल्या मांसासारखाच दिसतो. विसरून आत राहिला तर आठवड्यात माणूस नासतो. म्हणून दर ऑपरेशनला मोजून वीस मॉप ट्रॉलीवर मांडायचे. वापरलेला मॉप बादलीत पडला की मोजणीबाई तो चिमट्यानं उचलायची आणि भिंतीवरच्या फळीला टांगायची. फळीवर पाच-पाच खिळ्यांच्या चार ओळी होत्या. शेवटी पोट शिवण्याआधी सिस्टर विचारायची, "मावशी?" मग ही फळीकडे एकदा बघायची आणि म्हणायची, "वीस. बरोबर."

त्या एका शब्दासाठी मोठमोठ्या पदव्यांची माणसं हातात सुई धरून थांबायची. सातवीतून शाळा सुटलेल्या बाईला याहून मोठा मान कुठं मिळणार होता?

जित्याची खोड म्हणतात तसं ते मोजणं घरीही सुटत नसे. जिन्याच्या पायऱ्या, दोरीवरचे चिमटे, दाराबाहेरच्या चपला, सगळं मोजून व्हायचं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. धाकटा दीर आणि जाऊ यांच्यासोबत ती राहत होती, आणि दोन जावांची एकच चूल असून भांडी कधी डोक्याला लागली नव्हती. नुसती वाजायची. जाऊबाईला ती 'धाकटे' म्हणायची आणि धाकटी तिला 'ताई'.

घरात बारा चमच्यांचा एक संच होता, दांड्यावर बारीक कणीस कोरलेला. रोज संध्याकाळी भांडी पुसून झाली की मोजणीबाई चमचे मोजायची. आणि महिन्यातून एकदा तरी धाकटी त्यातला एक लपवायची. कधी पिठाच्या डब्यात, कधी शिवणयंत्राच्या खणात, एकदा तर दिराच्या बुटात. मग ही सगळं घर डोक्यावर घ्यायची, आणि धाकटी ओट्याला टेकून पदरात तोंड लपवून हसायची.

"ताई, एका चमच्यानं काय घर बुडणार आहे?"

"आज चमचा, उद्या आणखी काही. सांग कुठे ठेवलायस."

"शोधा. तुम्ही तर मोजणीबाई ना?"

त्या धाकटीच्या गर्भाशयात गाठी निघाल्या. दर महिन्याला इतका रक्तस्राव की भिंत धरून चालायची वेळ आली. डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. तिची आई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती, आणि तेव्हापासून हॉस्पिटलाच्या वासानंही तिला दरदरून घाम फुटायचा. आणखी एक महिना बघू, गोळ्या घेऊन बघू, असं करत तिनं अर्धं वर्ष काढलं. शेवटी मोजणीबाईनंच तिला समोर बसवलं.

"आमच्या थिएटरात कर. दुसरीकडे कोण कशी काळजी घेतं मला माहीत नाही. इथे मोजायला मी आहे."

"तुम्ही आत असाल?"

"तुझ्या डोक्याशी असेन."

एवढ्या एका भरवशावर धाकटी तयार झाली. ही गोष्ट पुढे मोजणीबाईला रात्रंदिवस पोखरणार होती, पण त्या दिवशी तिला स्वतःचा अभिमानच वाटला. घरातून निघताना धाकटीनं उंबऱ्यातच मागे वळून सांगितलं, "ताई, एक चमचा लपवलाय. परत आले की सांगेन कुठे ते." मोजणीबाई रागावली. अशा वेळी काय थट्टा करायची?

त्या थिएटरातल्या दोन गोष्टी इथेच सांगायला हव्यात, कारण त्या कुणाला चुका वाटतच नव्हत्या. पहिली गोष्ट धाग्याची. पूर्वी तयार मॉप यायचे, त्यात एक निळा धागा विणलेला असायचा. मॉप चुकून आत राहिलाच तर तो धागा एक्स-रेत दिसायचा. वर्षभरापूर्वी ते यायचे बंद झाले. भांडारातून नुसतं कापडाचं ठाण मिळायला लागलं, आणि मोजणीबाई दुपारी मशीनवर बसून मॉप शिवायला लागली. शिवण अशी सरळ की मोठ्या डॉक्टरांनी चारचौघांत कौतुक केलं. धाग्याबद्दल तिनं एकदा विचारलं होतं. "पुढच्या मागणीत येईल," असं उत्तर आलं, आणि मग ती स्वतःही विसरली.

दुसरी गोष्ट कात्रीची. मॉप कमी पडले की मधोमध कापून दोन करायचे, अशी तिथली जुनी सवय होती. अर्धा मॉप बाहेरच्या बाहेर कातडी पुसायला वापरायचे. तेवढ्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं, त्यामुळे ते चूक आहे असं कुणी म्हटलंही नव्हतं. सवय जुनी झाली की तिला नियमाचा मान मिळतो.

सोमवारी सकाळी धाकटीला टेबलावर घेतलं. भूल चढेपर्यंत तिनं मोजणीबाईचं बोट धरून ठेवलं होतं. आदल्या दिवसापासून वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र बंद होतं, त्यामुळे मॉप होते ते तेवढे वीसच. निम्मं ऑपरेशन झालं आणि अचानक रक्त यायला लागलं. मोठे डॉक्टर ओरडले, "रक्ताची बाटली आणा, पळा." मोजणीबाई पळाली. रक्तपेढी चौकाच्या पलीकडच्या इमारतीत होती. जायला यायला दहा मिनिटं लागली असतील. ती परतली तेव्हा रक्त आटोक्यात आलं होतं, सगळे घामानं भिजले होते आणि बादली भरली होती. तिनं एकेक मॉप उचलून टांगला. चारही ओळी भरल्या, एकही खिळा रिकामा नव्हता.

"मावशी?"

"वीस. बरोबर."

डॉक्टरांनी सुई उचलली.

मंगळवारी सकाळी ती वापरलेले मॉप जाळायच्या पिशवीत भरत होती. तिथेही मोजायची सवय होतीच. सुकून ताठ झालेला एकेक मॉप सोडवून टाकता टाकता एक हाताला लहान लागला. तिनं तो पाण्यात भिजवून उलगडला. तीन कडांना तिची शिवण होती. चौथी कड उघडी होती, कात्रीनं सरळ कापलेली.

पिशवीतले आणि राहिलेले सगळे तिनं जमिनीवर पसरून पाहिले. एकोणीस पूर्ण आणि हा एक अर्धा. म्हणजे खिळे वीस भरले होते, पण मॉप साडेएकोणीसच होते. दुसरा अर्धा तुकडा कुठे होता?

ती तडक सिस्टरकडे गेली. सिस्टर तीस वर्षं काम केलेली, तोंडानं फटकळ पण हाताची सोन्यासारखी.

"सिस्टर, काल मॉप चिरला होता का?"

सिस्टर फॉर्म भरत होती. तिनं मान वर केली नाही. "आठवत नाही बाई. चिरला असेल तर बाहेरचं पुसायलाच. का? मोजणी जुळली होती ना?"

"जुळली होती."

"मग झालं तर."

बाहेरचं पुसून टाकलेला कचरा आदल्या संध्याकाळीच गेला होता. दुसरा अर्धा त्यात गेला असेल, असं ती मनाला समजावत राहिली. असूही शकलं असतं. वॉर्डात धाकटी उशीला टेकून बसली होती, चहा पिऊन हसलीही. तिला बघून मोजणीबाईला धीर आला. हसणाऱ्या माणसाच्या पोटात काय असणार? तिनं तो अर्धा तुकडा धुऊन, पिशवीत गुंडाळून आपल्या कपाटात ठेवला आणि मूग गिळून गप्प बसली.

खरं बोलायचं तर ती तुकड्याला भ्यायली नाही, आपल्या शब्दाला भ्यायली. बावीस वर्षांत तिचं 'बरोबर' कधी चुकलं नव्हतं. ते चुकलं म्हटलं तर तिच्यापाशी दुसरं काय उरत होतं?

बुधवारी धाकटीला बारीक ताप आला. ऑपरेशननंतर येतोच, असं सगळे म्हणाले. गुरुवारी ताप वाढला, पोट फुगलं, दोन घोट पाणीही उलटून पडलं. दीर कामावरून सुट्टी घेऊन येऊन बसला. मोजणीबाईनं धाकटीच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि प्रत्येक पट्टी ठेवताना तिला कपाटातला तुकडा दिसत होता.

"धाकटे, चमचा कुठे ठेवलायस गं?"

धाकटीनं डोळे न उघडता ओठ हलवले. "घरी चला. मग सांगते."

शुक्रवारी सकाळी मोजणीबाई मोठ्या डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिली. हातात ती पिशवी होती. तिनं सगळं सांगितलं. दहा मिनिटं बाहेर गेले होते, परत येऊन खिळे मोजले, एक खिळा अर्ध्यानं भरला होता, माझं 'बरोबर' चुकलं. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी ताबडतोब एक्स-रे काढायला सांगितला. तासाभरात एक्स-रे आला, आणि त्यात काहीच नव्हतं.

"बघा मावशी, स्वच्छ आहे." त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "जंतुसंसर्ग आहे. औषध बदलतो."

"सर, त्यात धागा नाही."

"काय?"

"मॉपमध्ये धागा नाही. वर्षभर मीच शिवतेय, साध्या कापडाचे. एक्स-रेत कसा दिसेल?"

डॉक्टरांनी मोजणीचा कागद समोर ओढला. मग म्हणाले, "सिस्टर म्हणतात, मॉप आत चिरलाच नाही. मोजणीच्या कागदावर वीस लिहिलंय, तुमच्याच सांगण्यावरून लिहिलंय. त्यांची सही आहे, माझी सही आहे. चार दिवसांपूर्वी शिवलेलं पोट नुसत्या संशयावर मी पुन्हा उघडायचं? ती टेबलावरच गेली तर?"

त्या माणसाला दुष्ट म्हणता येणार नाही. पण कागदावरच्या विसाला तो हातातल्या तुकड्यापेक्षा खरं मानत होता, आणि हे त्याला मोजणीबाईनंच बावीस वर्षं शिकवलं होतं.

तिनं सिस्टरला गाठलं, हात जोडले. सिस्टर म्हणाली, "मला आठवत नाही, किती वेळा सांगू?" आणि ड्रेसिंगची ट्रॉली ढकलत निघून गेली. खाई त्याला खवखवे. दोन दिवस सिस्टर तिच्या नजरेला नजर देत नव्हती. शनिवारी सोनोग्राफी झाली. पोटात सूज आणि हवा इतकी, की आत काय आहे ते धड कळेना. उद्या बघू, असं ठरलं. मोजणीबाई डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या फरशीवर बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगत होती, आणि लोक तिला चहा आणून देत होते. माणसाचं ऐकायचं नसलं की त्याला चहा देतात.

शनिवारी संध्याकाळी धाकटी कुणाला ओळखेनाशी झाली. तेव्हा कुठे रविवारी सकाळी पोट पुन्हा उघडायचं ठरलं.

मोजणीबाईला आत येऊ दिलं नाही. मोजायला दुसऱ्या वॉर्डातली एक मुलगी घेतली होती. दीर आणि ती बाहेरच्या बाकावर बसले. दीड तासानं दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आली. तिच्या हातात स्टीलचं भांडं होतं. तिनं ते पुढे केलं. मोजणीबाईनं कपाटातून आणलेला तुकडा त्या काळपट, कुजक्या वासाच्या तुकड्याशेजारी धरला. कापलेली कड कापलेल्या कडेला लागली. कात्री शेवटी जराशी तिरकी गेली होती, तो तिरकेपणाही जुळला.

सिस्टर भिंतीला टेकली. "तुम्ही रक्त आणायला गेला होतात. ट्रॉलीवर एकच उरला होता आणि दोन ठिकाणांहून रक्त येत होतं. चिरला, दोन्हीकडे एकेक दाबला. तुम्हाला सांगायचं होतं, मावशी. तुम्ही आलात तेव्हा सगळं शांत झालं होतं, आणि तुम्ही म्हणालात बरोबर. मला वाटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे दोन्ही आले असतील."

मोजणीबाईला तिचा राग करायचा होता. तो आला नाही. तिच्या एका शब्दानं सिस्टरची शंकाही पुसली होती.

आतड्याला भोक पडलं होतं आणि विष रक्तात गेलं होतं. पुढच्या गुरुवारी धाकटी गेली. शेवटपर्यंत तिला शुद्ध आली नाही. मोजणीबाई तिच्या डोक्याशी होती, कबूल केल्याप्रमाणे.

मग चौकशी बसली. पाच माणसांची समिती, त्यातल्या तिघांनी आयुष्यात मॉप हातात धरला नसावा. त्यांनी विचारलं, मोजणी कोणी केली? सिस्टर खाली बघत होती, डॉक्टर खिडकीबाहेर. मोजणीबाई उभी राहिली.

"मी केली. मी खिळे मोजले, साहेब. मॉप मोजले नाहीत."

समितीनं नियम केले. मॉप कधीही कापायचा नाही. धाग्याशिवाय मॉप थिएटरात न्यायचा नाही. दोघांनी मिळून, प्रत्येक मॉप चारी टोकांनी उलगडून, मोठ्यानं मोजायचा. मोजणारा मधेच बाहेर गेला तर काय काय झालं ते त्याला सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि ती फळी काढून टाकायची. हे सगळं एका कागदावर मावलं. एवढंसंच होतं तर आधी का केलं नाही, हे समितीतल्या कुणी विचारलं नाही. मोजणीबाईनं स्वतःच थिएटर सोडलं. आता ती धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालते.

दिरानं मात्र एक प्रश्न विचारला. चौकशी संपली त्या संध्याकाळी, जेवणं उरकल्यावर, ताटावरून न उठता.

"वहिनी, तुम्हाला नक्की कधी कळलं?"

समितीनं हे विचारलं नव्हतं. डॉक्टरांना तिनं तुकडा शुक्रवारी दाखवला होता, सगळ्यांच्या हिशेबी तोच दिवस होता. शुक्रवार म्हणून ती सुटली असती. त्या घरात खरं माहीत असणारं दुसरं कुणी नव्हतं.

"मंगळवारी," ती म्हणाली. "मंगळवारी सकाळी, भावोजी. पाच दिवस वाया गेले, त्यातले तीन माझे आहेत."

दीर ताटावरून उठला, हात धुतले आणि आपल्या खोलीत गेला. त्यानंतर तीन महिने तो तिच्याशी कामापुरतंही बोलला नाही. घर सोडून जा असंही म्हणाला नाही. ती स्वयंपाक करायची, तो जेवायचा. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला रोज वाटायचं.

चमचे ती अजून रोज मोजते. अकरा. पिठाचा डबा, शिवणयंत्राचा खण, गाद्यांच्या शिवणी, दिराचे जुने बूट, सगळं तिनं पालथं घातलं. धाकटीच्या साड्या एकेक उलगडून झटकल्या. कुठे ठेवला असेल? शोधून शोधून ती एखाद्या दिवशी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून मोठ्यानं रडते, आणि दीर आतून ऐकत असतो.

परवा संध्याकाळी ती भांडी पुसत होती. दीर आला आणि ओट्याशी उभा राहिला. त्यानं खिशातून एक चमचा काढला. नवा होता, पण दांड्यावर तसंच बारीक कणीस कोरलेलं. किती दुकानं फिरला होता कोण जाणे. तो त्यानं बाकीच्या चमच्यांत ठेवला.

"झाले ना बारा?" तो म्हणाला. तीन महिन्यांनी तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. "आता पुरे, वहिनी."

तिला कळलं, तो काय देतोय ते. हात पुढे करून घ्यावं, डोळे मिटून एकदा बरोबर म्हणावं, घरात पुन्हा बोलणं सुरू व्हावं, असं तिच्या जिवाला फार वाटलं. तिनं चमचे मोजले. बारा होते. मग तिनं नवा चमचा वेचून काढला, पदरानं पुसला आणि दिराच्या हातात परत दिला.

"हा त्यातला नाही, भावोजी."

आणि तिनं उरलेले पुन्हा पहिल्यापासून, एकेक उचलून, उजेडात धरून, मोठ्यानं मोजायला घेतले. दीर गेला नाही. तिच्याशेजारी उभा राहून तोही प्रत्येक आकड्यावर मान हलवत होता.

"अकरा," ती म्हणाली.

"अकरा," तोही म्हणाला.